सुबोध राहिला तिथला तळ

घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीत शेवंती गवईला सगळे 'सिस्टर' म्हणूनच ओळखायचे. वाशिमकडच्या खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हा ती दहावी पास होती. नर्सिंग तिनं सासरी राहून पुरं केलं आणि पुढं मुलुंडच्या एका प्रसूतिगृहात एकोणतीस वर्षं काढली. बोलणं रोखठोक. कळा देणाऱ्या बाईला ती 'रडू नको' असं कधी म्हणत नसे. 'रड, पण श्वास घेत रड,' म्हणायची. मूल दगावलं की आईला सांगायचं काम डॉक्टर तिच्यावरच सोपवत. ती आडवळणानं सांगत नसे, आणि सांगून झाल्यावर तिथून काढता पायही घेत नसे.

तिला एकुलता एक मुलगा, सुबोध. नवरा चंद्रप्रकाश बस डेपोत मेकॅनिक. बापाच्या शेजारी उकिडवं बसून बसून पोराला यंत्रांचा नाद लागला. डिप्लोमा झाला आणि समुद्राच्या तळाचा अभ्यास करणाऱ्या जहाजावर त्याला नोकरी लागली. काम विंचवर, तार सोडायच्या-गुंडाळायच्या यंत्रावर. कित्येक किलोमीटर पोलादी तार समुद्रात सोडायची, तिच्या टोकाला लोखंडी जाळी, ती तळावरून खरवडत न्यायची आणि दगड वर आणायचे.

बंदराला लागलं की त्याचा फोन यायचा. शेवंती मेथी निवडत ऐकायची. एकदा ती म्हणाली, दगडच पाहिजेत तर आपल्या डोंगरावर काय कमी आहेत? तो हसला. आपल्या डोंगराचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा, आणि मी काढतो तो पृथ्वीनं अगदी आत्ता आत्ता घडवलेला, असं काहीतरी सांगत बसला. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि तिनं फोन ठेवला. नंतर त्या राहून गेलेल्या बोलण्याची तिला फार रुखरुख लागली.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी प्रसूतिगृहात तिला फोन आला. जहाजाच्या मागच्या बाजूला काम चालू असताना मोठी लाट आली, सुबोध पाण्यात गेला, शोध चालू आहे. आत टेबलावर बाई होती, बाळाचं डोकं दिसायला लागलं होतं आणि दुसरी सिस्टर रजेवर. शेवंतीनं फोन ठेवला, हात धुतले, आत गेली. मुलगी झाली. नाळ कापली, वजन केलं, वेळ लिहिली. मग बाहेर येऊन बाकावर बसली, ती आयाबाईंनी दोन्ही बाजूंनी धरून उठवेपर्यंत उठली नाही.

दोन दिवस शोधून जहाज परत फिरलं. सुबोध सापडला नाही.

घरी पुण्यानुमोदन झालं. भंतेजी आले, वस्ती गोळा झाली, फोटोपुढं मेणबत्त्या लागल्या. पण दहनच नव्हतं, तर जवळच्यांना काय बोलावं तेही सुचत नव्हतं. चंद्रप्रकाशनं तर त्या दिवसापासून मुलाचं नाव घेणंच टाकलं. जेवायचा, पेपर वाचायचा, खिडकीशी बसायचा. कुणी विषय काढला की उठून जायचा.

मग कंपनीचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, 'मृत्यूचं ठिकाण : अरबी समुद्र.'

शेवंतीनं जन्मभर फॉर्म भरले होते. वॉर्ड, खाट, तास, मिनिट. एक रकाना मोकळा सोडू दिला नव्हता. अरबी समुद्र हे काय ठिकाण झालं? अरबी समुद्र जुहूलापण आहे आणि गोराईलापण. माझा मुलगा कुठं आहे? कंपनीत विचारलं तर त्यांनी जहाजावरच्या शास्त्रज्ञाचं नाव दिलं. दीप्ती, अंधेरीत एका संस्थेत. दोनदा फोन केला तेव्हा तिनं कामात असल्याचं सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाली, या, काकू.

घाटकोपरहून मेट्रोनं शेवंती अंधेरीला गेली. दीप्ती तिशीची असेल; डोळ्यांखाली काळं, हातात उगाचच पेन. तिनं टेबलावर नकाशा पसरला. मुंबईपासून जवळपास दोन हजार किलोमीटरवर, समुद्राच्या मधोमध, पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. खोली साडेतीन हजार मीटर.

"तिथं काय आहे?" शेवंतीनं विचारलं.

दीप्तीनं शाळेतल्या पोराला सांगावं तसं सावकाश सांगितलं. पाण्याखाली तिथं डोंगरांची लांबच लांब रांग आहे, आणि रांगेच्या मधोमध जमीन उकलते आहे. उकललं की खालून वितळलेला दगड वर येतो, थंड पाण्यात थिजतो, उशांसारखा गोल गोल. तोच नवा तळ. पुन्हा उकलतं, पुन्हा नवा दगड येतो आणि आधीचा दोन्ही बाजूंना सरकतो, वर्षाला बोटाच्या पेराएवढासुद्धा नाही. जसा लांब जातो तसा निवतो, जड होतो, खाली बसत जातो. त्याच्यावर वरून गाळ पडत राहतो, हजार वर्षांत जेमतेम बोटभर. मग कोट्यवधी वर्षांनी तो कुठंतरी पृथ्वीच्या कवचाच्या दुसऱ्या तुकड्याखाली शिरतो आणि पुन्हा वितळतो.

शेवंतीचं बोट ठिपक्यावर होतं. ते रांगेच्या वरच्या अंगाला, मुंबईकडच्या बाजूला होतं, हे तिच्या लक्षात आलं.

"म्हणजे तो तळ इकडं येतोय?"

हो म्हणणं सोपं होतं. पण दीप्ती म्हणाली, "नाही, काकू. मुंबईपण त्याच तुकड्यावर आहे. तो तळ आणि आपण, सगळे एकत्रच सरकतो. अंतर तेवढंच राहतं."

शेवंतीनं मान हलवली. इतक्या महिन्यांत कुणीतरी तिला पहिल्यांदाच खरं सांगितलं होतं, आणि ते खरं तिच्या छातीत जाऊन बसलं. जवळ येणार नाही. लांबही जाणार नाही. एवढंच.

दीप्तीच्या हातातलं पेन थांबलं होतं. "काकू, त्या दिवशी समुद्र खवळायला लागला होता. काम बंद करायचं ठरत होतं. अजून एकदा जाळी टाकू, असं मी म्हणाले. सुबोध म्हणाला, मॅडम, लगेच काढतो."

अशी माणसं शेवंतीनं खूप पाहिली होती. आपली चूक दुसऱ्याच्या ओंजळीत टाकून हलकं व्हायला आलेली. तिला संताप आला, आणि समोरची पोर सुबोधपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी आहे हेही दिसलं. तिनं माफ केलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत.

"दगड आला का वर?"

आला होता. दीप्तीनं कपाटातून नंबर लिहिलेला डबा काढला. काळा, मुठीएवढा दगड. एका अंगाला काचेसारखी चकचकीत साय. शेवंतीनं तो दोन्ही हातांत धरला. नवजात बाळाचं वजन अंदाजावं तसं हात आपोआप खालीवर झाले, ते तिनं आवरले. यातला तुकडा तुम्हाला देते, असं दीप्ती म्हणाली.

"नको. त्यानं तुझ्या कामासाठी काढलाय. तू काम पुरं कर." आणि दगड डब्यात ठेवून ती उठली. दारापर्यंत गेल्यावर वळली आणि ठिपक्याचे अक्षांश-रेखांशाचे आकडे कागदावर लिहून मागितले.

घरी आली तेव्हा चंद्रप्रकाश खिडकीशी होता. तिनं कागद त्याच्यापुढं ठेवला आणि ऐकलं ते सगळं सांगितलं, नवा तळ, सरकणं, गाळ, तेवढंच राहणारं अंतर. तो उठून जाईल असं तिला वाटलं होतं. तो उठला नाही. कागदावरचे आकडे त्यानं बोटानं दोनदा गिरवले.

मग त्यानं विचारलं, "एवढ्या खोल लय थंड असेल ना गं?"

आडवळणानं बोलणं तिला जमत नव्हतं. "हो," ती म्हणाली. "लय थंड."

चंद्रप्रकाशनं वर्षभरात पहिल्यांदा सुबोधचं नाव घेतलं. एकदाच घेतलं, आणि म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा बिनआवाजाचा हुंदका त्याला फुटला. शेवंती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. श्वास घेत रड, असं ती त्याला म्हणाली नाही. तिलाच ते जमत नव्हतं.