रिकाम्या मशीनवर पुन्हा एकदा

श्री. यशवंत नेरुरकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते लंडनमधल्या आमच्या पिनरच्या घरी, स्वयंपाकघराच्या दारात, हातात स्वतःचे बूट धरून उभे असलेले. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. माझे यजमान अरविंद त्यांच्याबरोबर बेसिंगस्टोकच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि एका शुक्रवारी न कळवता यांनी त्यांना जेवायला आणलं. गणपतीचे दिवस होते. माझे मोदक एकामागून एक फुटत होते. मी वैतागून म्हणाले, "कृती तीच, हात तोच, आणि आज उकड का चिरतेय कळत नाही."

यशवंतरावांनी नमस्कारसुद्धा न करता विचारलं, "पीठ कुठलं?"

नेहमीचं संपलं होतं म्हणून हाउन्सलोच्या एका दुकानातून दुसरं आणलं होतं, ते मी सांगितलं.

"मग कृती तीच कशी, वहिनी? पीठ कुठलं ते तुमच्या कृतीत लिहिलेलंच नाही."

मला रागच आला. हे मात्र खो खो हसले. "मनावर घेऊ नकोस. ऑफिसातही हा दिवसभर हेच बोलतो." फुटलेले मोदक त्या रात्री सगळ्यात जास्त यशवंतरावांनीच खाल्ले, हेही नोंदवायला हवं.

त्यांचं काम नेमकं काय, हे मला पुष्कळ उशिरा समजलं. मोठा प्रोग्रॅम एकटा माणूस लिहीत नाही. अनेकजण तुकडे लिहितात, काही तुकडे बाहेरून घेतलेले असतात, आणि ते सगळे जुळवून चालता प्रोग्रॅम तयार करावा लागतो. त्याला ही मंडळी बिल्ड म्हणतात. एका तुकड्याला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा, आणि तोही ठरावीक आवृत्तीचाच. कुठे काही बदललं की बिल्ड मोडतो. मोडलेला बिल्ड पुन्हा उभा करणं, हे यशवंतरावांनी आयुष्यभर केलं.

ते कसं केलं, याची एक गोष्ट हे घरी नेहमी सांगत. गिऱ्हाइकाला प्रोग्रॅम द्यायच्या दिवशीच बिल्ड मोडला होता. मॅनेजर तरातरा आला आणि म्हणाला, "कुणी मोडला?" नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी रडायच्या बेतात होती. यशवंतराव पडद्यावरची नजर न हलवता म्हणाले, "नाव टाइप केल्याने बिल्ड होणार नाही. कशाने मोडला ते विचारा, म्हणजे मला मदत होईल." संध्याकाळी बिल्ड झाला. नाव कधीच कुणाला कळलं नाही.

पुढे हे गेले. हृदयविकाराचा झटका, ऑफिसच्या कार पार्कमध्ये. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. ते रोजचंच आहे, त्याला वेगळा लेख लागत नाही.

यांच्या मागे वरच्या छोट्या बॉक्सरूममध्ये यांचा कॉम्प्युटर राहिला आणि त्यात यांनी स्वतः लिहिलेला मराठी छपाईचा प्रोग्रॅम. आपल्या इथल्या मराठी मंडळाचं त्रैमासिक, दिवाळी अंक, हळदीकुंकवाची पत्रकं, सगळं त्यावर निघे. प्रोग्रॅम बरोबर आहे का हे पाहायला यांनी एक ओळ ठरवली होती: "लक्ष्मी, क्षणभर विश्रांती घे." लक्ष्मी म्हणजे मी. मी विचारलं होतं, "माझंच नाव कशाला?" तर म्हणाले, "क्ष आणि म एकत्र असलेलं दुसरं कोण आहे घरात?" ती ओळ छापून आली की हे कागद फाडून मला द्यायचे, आणि मी त्यावर भाजी निवडायचे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. त्या मशीनची डिस्क कुरकुरायला लागली. कधी सुरू व्हायचं, कधी नाही. मंडळातल्या हुशार मुलांनी प्रोग्रॅम फ्लॉपीवर घेऊन नव्या मशीनवर बिल्ड करायचा प्रयत्न केला, पण प्रत्येकाच्या घरी वेगळाच अडथळा. कमिटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी फार मऊ आवाजात म्हणाले, "लक्ष्मीताई, तुमच्या भावना समजतात. पण आता तयार पॅकेज मिळतं. अंक तर निघायला हवा ना?" मी म्हटलं, "घ्या की."

बाहेर कोट घालताना यशवंतराव शेजारी आले. "वहिनी, तुम्हाला खरंच चालेल?"

"नाही."

"मग आत का नाही बोललात?"

"बोलून काय उपयोग, भाऊजी? प्रोग्रॅम होत नाही, तर नाही."

"होत नाही हे अजून कुठे ठरलंय? ठरलंय एवढंच, की मुलांना जमलं नाही." मग आत जाऊन त्यांनी सेक्रेटरींकडून दिवाळी अंकापर्यंतची मुदत मागून घेतली.

त्यानंतर ते शनिवारी शनिवारी बेसिंगस्टोकहून यायला लागले. त्यांच्या पत्नी शैलाताई फोनवर मला म्हणायच्या, "ठेवून घ्या त्यांना तिकडेच. इथे वर्षभर नळ गळतोय, तो बिल्ड नाही ना, म्हणून दिसत नाही!" यांच्या मशीनला यशवंतरावांनी आधी दुरुस्तीचा हातही लावला नाही. सगळं जसंच्या तसं कॉपी करून घेतलं. माझी लेक मीनल दारातून म्हणाली, "काका, ते मशीन डेड झालं तर आई रडेल हं." ते म्हणाले, "म्हणून तर आधी कॉपी."

मग त्यांनी स्वतःचं एक कोरं मशीन टेबलावर मांडलं आणि खुर्ची मला दिली. मी घाबरले. माझं शिक्षण मराठी सातवीपर्यंत. पुढचं इंग्रजी मी लायब्ररीच्या पुस्तकांतून, डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकले. पडदाभर चुका आल्या तेव्हा मी म्हटलं, "एवढं सगळं मला कसं समजणार?"

"सगळं कुणी वाचायला सांगितलंय? पहिली चूक वाचा. बाकीची तिची पोरं आहेत."

पहिली वाचली. अमुक फाईल सापडत नाही, एवढंच होतं. ती यांच्या मशीनवर भलत्याच फोल्डरमध्ये निघाली. आणून ठेवली तर खरंच निम्म्या चुका गेल्या. "आता पुन्हा पहिली वाचा." असं करत करत एका शनिवारी बिल्ड पूर्ण झाला आणि मी यांची ओळ छापायला दिली.

कागदावर आला एक स्वल्पविराम आणि एक पूर्णविराम. बाकी सगळं कोरं.

मी त्या कागदाकडे बघत बसले. यशवंतरावांनी समजूत घातली नाही. ते म्हणाले, "विरामचिन्हं आली, म्हणजे प्रिंटर ठीक आहे. इंग्रजी छापून बघा." इंग्रजी व्यवस्थित आलं. फक्त मराठीच पुसलं जात होतं. त्यांनी दोन्ही कागद उजेडात धरून पाहिले. मग म्हणाले, "वहिनी, पीठ वेगळं आहे."

इतकी वर्षं झाली होती, तरी मला ते लगेच कळलं. प्रोग्रॅम यांचा होता, पण तो तयार करणारं साधन, ज्याला कंपायलर म्हणतात, ते कोऱ्या मशीनवर नव्याने बसवलेलं होतं. दोन्ही मशीनवरचे कंपायलरचे फोल्डर त्यांनी शेजारी शेजारी ताडून पाहिले. यांच्याकडे एक चिमुकली फाईल जास्त होती. ती कंपायलरची म्हणून कुणी उचललीच नव्हती. कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो; ते आकडे कधीच उणे धरायचे नाहीत, एवढीच सूचना तिच्यात होती. इंग्रजी अक्षरांचे आकडे लहान, त्यांना फरक पडत नसे. मराठी अक्षरांचे मोठे. ते उणे धरले गेले की प्रोग्रॅम अक्षर भलतीकडेच शोधायचा. यशवंतरावांनी ती सूचना प्रोग्रॅमच्याच बिल्डच्या फाईलमध्ये घातली आणि सगळं फ्लॉपीवर उतरवलं. "आता कृतीत पीठ लिहिलं," म्हणाले.

प्रिंटर कुरकुरत पुढेमागे गेला. "लक्ष्मी, क्षणभर विश्रांती घे."

मी कागद फाडून घेतला. त्यावर भाजी मात्र निवडली नाही. यशवंतराव उठून खाली गेले आणि मीनलशी उगाचच क्रिकेटबद्दल बोलत बसले. त्यांना त्यातलं काही कळत नाही.

परत वर आले ते चहा घेऊन. म्हणाले, "आता हे सगळं पुसा."

"काय?"

"मशीन कोरं करा. फ्लॉपी घ्या आणि पहिल्यापासून तुम्ही एकट्या करा. मी खाली बसतो."

"अहो भाऊजी, आत्ता कुठे झालंय! जमलं नाही तर?"

"तर अजून दुरुस्त झालेलं नाही, असं कळेल. मी शेजारी असताना झालं, याला अर्थ नाही. अरविंदच्या मशीनवरही ते होतच होतं."

मला त्यांचा दुसऱ्यांदा राग आला. पण पुसलं. दोनदा अडले, दोन्ही वेळा पहिली चूक वाचली. आणि खालून कुणीही वर न येता यांची ओळ पुन्हा कागदावर आली. त्या वर्षीचा दिवाळी अंक मी काढला. त्यानंतरचेही. पुढे मीनलने शिकून घेतलं. यांचं जुनं मशीन एका हिवाळ्यात सुरूच झालं नाही तेव्हा मी त्यावरची धूळ पुसली आणि कव्हर घातलं. वाटलं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. यांचं काम त्यातून बाहेर आलेलं होतं.

ऑफिसातही यशवंतरावांनी हेच केलं, असं त्यांचे सहकारी साठीनिमित्तच्या या अंकात लिहितीलच. मोडलेलं नीट करायचं, कोऱ्या मशीनवर दुसऱ्याकडून करून घ्यायचं आणि स्वतः बाजूला व्हायचं. आपल्यावाचून अडावं असं वाटणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. अडू नये म्हणून एवढे कष्ट घेणारे यशवंतरावच.

यशवंतराव आता साठीचे झाले. भाऊजी, तुम्हाला आणि शैलाताईंना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो. तुमच्या घरचा नळ आतातरी दुरुस्त होवो. आमच्याकडचा प्रोग्रॅम उत्तम चालला आहे. त्यासाठी तुमची गरज उरलेली नाही, तुम्हीच ती उरू दिली नाहीत. म्हणून यंदा गणपतीत काही काम नसताना पिनरला या. पीठ मी नेहमीच्याच दुकानातून आणून ठेवते आहे.