मदतघरची चौकशीवाली बाई

द्वारकाबाईला कुणाच्या घरात शिरताना आवाज द्यायची सवय नव्हती. दार ढकलायचं, पदर सावरायचा आणि सरळ चुलीपाशी जायचं, ही तिची रीत. जालन्याच्या स्टेशनाजवळ काकासाहेबांची कापसाची जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, होती. त्या जिनमध्ये मेलेल्या नाहीतर हातपाय गमावलेल्या कामगारांच्या बायकापोरांसाठी काकासाहेबांनी एक मदतघर काढलं होतं. दर रविवारी ज्वारी, पोरांना शाळा, आजाऱ्याला दवाखाना. ज्या घराला मदत मंजूर व्हायची त्याला पितळेचा एक बिल्ला मिळायचा. तो दाखवला की तिन्ही दारं उघडायची. नसला तर एकही उघडत नसे. बिल्ला कुणाकडे राहू द्यायचा आणि कुणाचा काढून घ्यायचा, हे बघायला द्वारकाबाई घरोघर फिरायची.

ती मूळची आष्टीची. अकराव्या वर्षी लग्न होऊन जालन्यात आली. नवरा जिनच्या काट्यावर कारकून होता. त्यानं हौसेनं तिला लिहावाचायला शिकवलं आणि प्लेगच्या साथीत तीन दिवसांत गेला. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी तिची पेटी उचलून ओट्यावर ठेवली. पुढची दोन वर्षं ती स्वतःच मदतघराच्या रांगेत बसून पदरात ज्वारी घ्यायची. कारभारी रामराव यांनी एकदा तिला भिंतीवरची पाटी वाचताना पाहिलं आणि कामाला लावलं.

आधी हे काम नंदाबाई नावाची बाई करायची. एका विधवेच्या घरी तिचा दीर येऊन राहिलेला नंदाबाईनं पाहिला होता आणि सांगितला नव्हता. रामरावांना ते कळलं त्या दिवशी तिची नोकरी गेली आणि जिनच्या आवारातली खोलीही गेली. त्या खोलीत द्वारकाबाई राहायला गेली. नंदाबाईची केरसुणी अजून दाराआड होती.

नियम दोनच होते. घरात परका पुरुष नको आणि घरात कमाई नको. जिचे हात चालतात तिला मदत द्यायची म्हणजे खऱ्या निराधाराच्या तोंडचं काढायचं, असं काकासाहेब म्हणत. द्वारकाबाईला ते पटलेलं होतं. पटलं नसतं तरी तिनं केलंच असतं, पण पटलेलं बरं पडायचं. बाया खोटं बोलतात हे तिला पहिल्या महिन्यातच कळलं. मंग तिनं बायांना विचारणंच सोडलं. ती पोरांना जवळ घ्यायची, डोक्यावरून हात फिरवायची आणि विचारायची, "काल काय जेवलीस गं?" पोरं खरं सांगायची.

एका साली मार्गशीर्षात ती अनवरीच्या घरी गेली. अनवरीचा नवरा फकरोद्दीन जिनमध्ये गाठी रचायचा. एक दिवस रचलेली थप्पी ढासळली आणि तो खाली सापडून मेला. अनवरीला दोन लेकरं, आठ वर्षांची अकबरबी आणि दोन वर्षांचा अलीम. द्वारकाबाई आत आली तेव्हा अनवरी अलीमला मांडीवर घेऊन बसली होती. पोरगं खोकत होतं.

"काय झालं त्याला?"

"खोकला हाय बाई. काल दवाखान्यातून दवा आणली."

द्वारकाबाईनं चूल पाहिली, मडकी उघडली. काही नव्हतं. तिनं अकबरबीला हाताशी ओढलं. पोरगी शाळेत हुशार होती, विचारलं की चटकन बोलायची.

"काल काय जेवलीस, बेटा?"

"अंडा," अकबरबी म्हणाली. "आधा मला, आधा अलीमला."

"अंडं कुठून आलं?"

"अम्मीनं रजई शिवून दिली ना, शेजारच्या खालाला. तिनं दिला."

अनवरीनं पोरीकडे पाहिलं, आणि त्या नजरेनं अकबरबीला कळलं की आपण काहीतरी केलं. तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"बिल्ला दे," द्वारकाबाई म्हणाली.

"बाई, एकच रजई शिवली. ज्वारी नका देऊ, बिलकुल नका देऊ. पर अलीम बरा होईस्तोर बिल्ला राहू द्या. दवाखान्यापुरता."

"बिल्ला अर्धा ठेवता येत न्हाई. रविवारी रामरावांना भेट. त्यांनी हो म्हणलं की परत देते."

अनवरीनं गळ्यातली दोरी काढली. दोरीला बिल्ला होता. तो काढताना दोरीची गाठ सुटेना, तेव्हा द्वारकाबाईनं खाली बसून ती दातांनी सोडवली.

हे मंगळवारी झालं. गुरुवारी सकाळी द्वारकाबाई अंघोळ करून केस विंचरत होती तेव्हा अनवरी दारात उभी राहिली. बुरखा तसाच घाईत ओढलेला, कडेवर अलीम. पोराच्या नाकपुड्या फुलत होत्या आणि दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता.

"कंपाउंडर बिल्ला मागून राह्यला," ती म्हणाली. "तुमची चिठ्ठी आणली तरी चालंल म्हणला. दोन शब्द लिहा बाई."

द्वारकाबाईच्या पिशवीत बिल्ला होता. पिशवी खुंटीला होती. दौत कोनाड्यात होती.

"रामराव औरंगाबादला गेल्यात. शनिवारी येतील. त्यांच्या सहीशिवाय मला काही करता येत न्हाई."

"शनिवारपर्यंत हा राहत न्हाई."

"असं बोलू नाही. छातीला ओवा शेकून बांध. उतरंल."

अनवरी तिथंच उभी राहिली. मंग तिनं अलीमला खाली, उंबऱ्याच्या आत ठेवलं. जणू तो तिथं असला की द्वारकाबाईला लिहावंच लागेल. द्वारकाबाईनं फणी खाली ठेवली. तिला पोराचा श्वास ऐकू येत होता. तिला नंदाबाईही आठवली. ती आता धान्याच्या बाजारात, मोंढ्यात, लोकांच्या गाड्यांखाली सांडलेले दाणे वेचायची, आणि द्वारकाबाई दिसली की मान वर करून बघत राहायची.

"उचल त्याला," द्वारकाबाई म्हणाली. "ओलं हाय तिथं."

शुक्रवारी दुपार व्हायच्या आत अलीम गेला.

शनिवारी रामराव आले. द्वारकाबाईनं सगळं सांगितलं, चिठ्ठी न दिल्याचंही. तिला वाटलं होतं ते रागावतील, किंवा नियम पाळला म्हणून बरं म्हणतील. त्यांनी तसं काहीच केलं नाही. चष्मा पुसत म्हणाले, "द्वारकाबाई, पोर दगावलेलं बरं दिसत नाही. बिल्ला मंगळवारी घेतला असं तुमच्या वहीत आहे. तो पुढच्या मंगळवारी घेतला असं करा."

"म्हणजे पोर आजारी होतं तवा बिल्ला त्यांच्याकडंच होता?"

"बराबर."

तिनं तारखेवर काट मारली नाही. पानच फाडलं आणि नव्यानं लिहिलं. तिचं अक्षर चांगलं होतं.

पौषात निरोप आला की अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे मोठे हाकीम, मदतघर बघायला येणार आहेत. काकासाहेबांना निजाम सरकारकडून जिनशेजारची जागा हवी होती. रामरावांनी विधवांची रांग कशी उभी करायची ते ठरवलं आणि मंग द्वारकाबाईला बोलावलं.

"रांगेत एकही मुसलमान बाई नाही. हाकीम काय म्हणतील? त्या अनवरीला आणा. उर्दूत दोन वाक्यं बोलायची आहेत."

"ती येणार न्हाई, रावसाहेब."

"बिल्ला परत द्या. येईल."

द्वारकाबाई त्या दिवशी पहिल्यांदा दाराबाहेर थांबली. आतून कुणी हाक दिली नाही तेव्हा तीच आत गेली. अनवरी धान्य निवडत होती, कुणाच्या तरी घरचं. अकबरबी कोपऱ्यात बसलेली. महिनाभर शाळेत नव्हती. द्वारकाबाईनं बिल्ला अनवरीसमोर ठेवला आणि काय करायचं ते सांगितलं. सांगताना ती भिंतीकडे बघत होती.

"काय बोलायचं?" अनवरीनं विचारलं.

"मदतघरानं लेकरांना खाऊ घातलं, शिकवलं, दुखण्यात दवा दिली. काकासाहेबांना खुदा सलामत ठेवो."

"लेकरांना?"

द्वारकाबाईनं बिल्ला आणखी पुढं सरकवला.

"हिला शाळेत परत घेतील?" अनवरीनं पोरीकडे बोट दाखवलं.

"घेतील. मी बघते."

"तर येते."

हाकीम आले त्या दिवशी जिनच्या आवारात शामियाना होता, सरबत होतं. अनवरी रांगेत तिसरी उभी होती. तिची पाळी आली तेव्हा ती एक पाऊल पुढे आली आणि शिकवलेलं सगळं बोलली, एक शब्द चुकवला नाही. दुखण्यात दवा दिली, हेही बोलली. आवाज इतका स्वच्छ होता की हाकिमांनी वळून विचारलं, किती मुलं आहेत तुला? अनवरी म्हणाली, "एक, हुजूर." हाकिमांनी मान हलवली आणि एकच का, मदतघर तर दहा सांभाळील, असं काहीतरी उर्दूत म्हणाले. लोक हसले. रामरावांनी द्वारकाबाईला पुढे बोलावून तिची ओळख करून दिली. हाकिमांनी तिचं नाव विचारलं. संध्याकाळी काकासाहेबांच्या घरून तिला लुगडं आलं.

अकबरबीला शाळेत घेतलं. पण ती बोलत नव्हती. गुरुजी विचारायचे, ती पाटीवर उत्तर लिहायची, तोंड उघडायची नाही. घरीही तसंच. अनवरी एकदा रविवारच्या रांगेत द्वारकाबाईला म्हणाली, "तुम्ही विचारून बघा ना. तुम्हाला पटकन सांगायची." तिच्या बोलण्यात टोमणा होता की खरंच विनंती होती, हे द्वारकाबाईला ओळखता आलं नाही. ती विचारायला गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मायलेकी परतूरला कुणा नातेवाइकाकडं निघून गेल्या. जाताना बिल्ला मदतघराच्या खिडकीत ठेवून गेल्या.

द्वारकाबाईनं आणखी दहा वर्षं ते काम केलं. चिठ्ठ्या तिनं त्यानंतरही कधी दिल्या नाहीत. रझाकारांच्या धामधुमीत काकासाहेब मुंबईकडं गेले, आणि पोलीस अॅक्शननंतर जिन दुसऱ्यानं घेतली. त्यानं मदतघराच्या खोल्यांत सरकी भरली. द्वारकाबाईला आठ दिवसांत खोली सोडायला सांगितलं. ती आष्टीला भावाकडं गेली. भावजयीनं तिला गोठ्यालगतची पडवी दिली.

गावातल्या बाया सुरुवातीला तिच्याकडं पत्रं वाचून घ्यायला यायच्या. एकीनं विचारलं, "जालन्यात इतकी वर्षं काय करत होता तुम्ही?"

"गोरगरिबांचं बघत होते," द्वारकाबाई म्हणाली, आणि मोठ्या हाकिमांनी आपलं नाव विचारलं होतं ते सगळं सांगितलं. लुगडं काढून दाखवलं. ते एकदाही नेसलेलं नव्हतं, घडीवर चिरलं होतं. बाईनं हात लावून बघितलं, चांगलं आहे म्हणाली, आणि आपलं पत्र पुढं केलं.