किराईत, सातवीण आणि दोन रेघा

आमच्या घरात देव नाही, भूत नाही, मुहूर्त नाही आणि गोडही काही नाही, असं मी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तेव्हा सांगितलं होतं. शेवटचं थोडं वाढवून सांगितलं. साखर घरात होती, पण ती आप्पांच्या काढ्यावर मिळायची, आणि काढ्यावर साखरेची चव कुणाला कळणार?

आप्पा म्हणजे माझे सासरे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेले. आगरदांड्याच्या जेट्टीपासून चालत वीस मिनिटांवर आमची बौद्धवाडी. गावात कुणाच्या अंगात येतं असं कानावर आलं की आप्पा पायात चपला सरकवून थेट तिथे जायचे आणि विचारायचे, "पुरावा काय?" एकदा तर अंगात आलेली बाई त्यांना बघून शुद्धीवर आली आणि खुर्ची द्यायला उठली. पूर्वी त्यांच्याच वर्गात होती.

असा हा माणूस एकाच ठिकाणी पुरावा विचारायचा विसरला होता. हिवतापावरचा काढा. किराईत, सातविणीची साल आणि गुळवेल, आठ भांडी पाणी आटवून एक भांडं. जुने लोक सातविणीची साल सूर्य उगवायच्या आत, तोंडातून शब्द न काढता आणतात. आप्पांच्या मते ही अंधश्रद्धा. म्हणून ते मुद्दाम सकाळी अकराला जायचे आणि साल सोलताना झाडाखाली उभ्या असलेल्या कुणालाही राजकारण समजावून सांगायचे. दर रविवारी पडवीत तपेलं आणि पळी घेऊन बसायचे. कोळीवाड्यातून, आगरी आळीतून लोक बाटल्या घेऊन यायचे. पावसाळा सरता सरता तर पडवीत पाय ठेवायला जागा नसे.

आणि त्यांची सून, म्हणजे मी, गावची आशा सेविका. कुणाला ताप आला की बोट टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा, पंधरावीस मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर हिवताप नाही, दोन आल्या तर आहे. म्हणजे घरात सासरा ताप उतरवतोय आणि सून पिशवी खांद्याला लावून तोच ताप गावभर शोधतेय. ज्या दारात जावं तिथे एकच उत्तर. शेजारची कोळीणमावशी तर मला लांबून बघूनच हात पदराखाली घ्यायची.

"गुरुजींचा काढा चालू हाय माझा. त्यानं न्हाय उतरला तर देते बोट."

आप्पांशी यावर वाद घालून मी थकले. ते म्हणायचे, "तुमचं हिवतापावरचं कोयनेल, म्हणजे क्विनीन, तेसुद्धा झाडाच्या सालीतूनच आलं. इतिहास वाच."

"ते झाड सातविणीचं नव्हतं, आप्पा."

यावर ते पेपर उघडायचे. पेपर उघडला की वाद संपला, आणि तोही तेच जिंकले, असा आमच्या घरचा नियम होता.

गेल्या वर्षी गणपती होऊन गेल्यावर आप्पांचं काहीतरी बिनसलं. एक दिवसाआड दुपारी तीन वाजले की ते खोलीचं दार लावून घ्यायचे. विचारलं तर आतून आवाज यायचा, "वाचतोय." काढा दिवसातून तीनदा घ्यायला लागले. चौथ्या खेपेला मी दाराबाहेर उभी राहिले, तर आतला लोखंडी पलंग खडखड वाजत होता. वाचून कुणी एवढं हलत नाही. मी दार ढकललं. बाहेर अंगाची काहिली होत होती आणि आप्पा दोन घोंगड्या पांघरून बसले होते, वर कानटोपी.

"बोट द्या."

"साधी सर्दी आहे."

"पुरावा काय?" मी म्हटलं. बावीस वर्षं हे वाक्य तोंडात घोळवत होते. फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्यांनी बोट पुढे केलं. दोन रेघा आल्या. आप्पांनी चष्मा पुसून पट्टी उजेडात धरली.

"दुसरी बारीक आहे."

"बारीक असली तरी रेघच आहे ती."

मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. गोळ्या घेतो म्हणाले, चौदा दिवस सांगशील तर चौदा दिवस घेतो, पण बाहेर कळता कामा नये. "लोक माझ्यावर विसंबून आहेत गं. गुरुजींनाच काढा लागू पडला नाही म्हटल्यावर माझ्याकडे कोण बघेल?" आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला घाबरलेलं पाहिलं, आणि ते तापाला घाबरले नव्हते. माझा सगळा राग पातळ झाला. मी शब्द दिला.

तो शब्द मला फार महागात पडला. डॉक्टरांना फोन करायला मी मागच्या अंगणात गेले, कारण नेटवर्क तिथेच येतं. पट्टी स्वयंपाकघराच्या खिडकीत राहिली. तेवढ्यात मावशी बाटली घेऊन आली. मी दिवस राहिल्याच्या तपासणीच्याही पट्ट्या वाटते, हे अख्ख्या गावाला माहीत. दोन रेघा म्हणजे काय, हे मावशीला तिच्या सुनेच्या वेळेपासून पाठ. तिने पट्टी पाहिली, खिडकीतून अंगणातल्या माझ्याकडे पाहिलं, गालातल्या गालात हसली आणि काढा न घेताच लगबगीने निघून गेली.

माझं वय तेव्हा चव्वेचाळीस. लेक पनवेलला वसतिगृहात राहून कॉलेज करते. नवरा उरणच्या बंदरावर ट्रेलर चालवतो, शनिवारी घरी येतो. बुधवारी लेकीचा फोन आला, "आई, मला आधी सांगायचं ना." नवऱ्याला दिघी बंदराच्या फेरीवर भेटलेल्या गावातल्या कुणीतरी पेढे मागितले. त्याने फोन केला आणि म्हणाला, "तू काही सांगितलंस आणि माझ्याकडून ऐकायचं राहिलंय का?" मी त्याला खरं सांगितलं, पण गावाला काय सांगणार? नाही म्हटलं तर पट्टी कुणाची, हा प्रश्न. घरात माणसं दोनच.

मावशी रोज काहीतरी आणून द्यायला लागली. चिंच, आवळे, सुक्या जवळ्याची चटणी. कोळीवाड्यातल्या बाया मला हापशावर हंडा उचलू देईनात. सहाव्या दिवशी आप्पांनी ओट्यावरची चिंच पाहिली.

"हे काय आहे?"

"तुमच्या तापाचे डोहाळे," मी म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. सांगताना हसत होते, पण शेवटी त्यांच्याकडे पाठ करून चिंच निवडायला लागले. आप्पांनी गोळी घेतली आणि आत गेले. त्या दिवशी पेपर घडीतच राहिला.

रविवारी पडवी भरली. तपेलं होतं, पळी होती, पण आप्पा बसले नाहीत. वर्गात उभे राहायचे तसे उभे राहिले.

"सूनबाईच्या खिडकीत जी पट्टी सापडली, तिच्यावरच्या दोन रेघा माझ्या आहेत."

मग कोपऱ्यातले एक म्हातारे काका हळूच म्हणाले, "गुरुजी, या वयात?"

"हिवतापाच्या रेघा," आप्पा म्हणाले. "काढा दिवसातून तीनदा घेत होतो. उतरला नाही. गोळ्यांनी उतरला. ज्याला ताप असेल त्याने आधी हिला बोट द्यायचं." आणि त्यांनी मावशीला पुढे बोलावलं.

भर उन्हात मावशीच्या अंगावर शाल होती. एवढे दिवस ती मला आवळे आणून देत होती आणि मी तिच्या शालीकडे नीट पाहिलंही नव्हतं, याची मला लाज वाटली. पट्टीजवळ आप्पा स्वतः घड्याळ काढून बसले. दुसरी रेघ उमटली, चांगली ठसठशीत. आप्पा तिच्याकडे बघत राहिले.

"तीन आठवडे मी हिला काढा पाजतोय," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे.

डॉक्टरांना विचारून मी मावशीला पहिल्या गोळ्या दिल्या. तिने तोंड वेडंवाकडं केलं. "याच्यापरीस गुरुजींचा बरा. पळीभर द्या हो, त्वांड तरी सुधरंल."

आप्पांनी सवयीने पळी उचलली, बुडवली आणि थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "देऊ का?"

बावीस वर्षांत त्या माणसाने मला कशाचीही परवानगी विचारली नव्हती. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. म्हातारा किती एकटा दिसत होता त्या भरल्या पडवीत.

"आज नको, आप्पा," मी म्हटलं. त्यांनी पळी तपेल्याच्या काठावर नीट निथळली आणि खाली ठेवली.