डोळ्यांवर चढवायचा गेम

मुरबाडच्या स्टँडसमोर एक कारागीर टीव्ही गेम, रेडिओ दुरुस्त करायचा. भंगारात त्याला डोळ्यांवर चढवून खेळायचा एक गेम सापडला होता; कंपनीने बाजारात कधीच न आणलेला नमुना. तो सगळ्यांना दाखवायचा, पण आधी चपला काढायला लावायचा. मी रेडिओ न्यायला गेले, तेव्हा कल्याणचं एक गिऱ्हाईक तो गेम विकत घ्यायला आलं होतं. हा मात्र शर्टाच्या टोकाने गेमच्या काचा पुन्हा पुन्हा पुसत होता.

"बाय, तू इंग्लिश शाळंतली ना? हे आतलं लेबल वाच गो."

"विक्रीसाठी नाही," मी वाचलं.

"मंग नाय जमायचं, शेठ! बनवणाऱ्यानंच नको म्हणलंय."

"अहो, ते कंपनीपुरतं असतं. सांगा ना यांना, मॅडम!"

मला ते माहीत होतं.

"लेबलावर एवढंच लिहिलंय," मी म्हटलं.