एक दार, दोन गठ्ठे

लॉन्ड्रीवाल्या वहिनींनी नवऱ्याला सोडायचं ठरवलंय, ही बातमी गल्लीभर व्हायला एक संध्याकाळ पुरली. पुरावा भक्कम होता. पन्नाशीच्या बाई रोज दिवेलागणीला केस नीट विंचरून, काखोटीला पिशवी मारून बसथांब्यावर उभ्या राहतात, आणि कुठे निघालात विचारलं तर नुसत्या हसतात. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तर वकीलही ठरवून टाकला होता.

बातमी साफ खोटी. नवरा जिथल्या तिथे होता, इस्त्रीच्या वाफेत घामाघूम. वहिनी जायच्या विद्यापीठात, संध्याकाळच्या वर्गाला. माहिती प्रणालीचं विश्लेषण आणि डेटाबेसची रचना, असा भारदस्त विषय. म्हणजे एखाद्या ठिकाणचं काम कसं चालतं, कोण कुणाला काय देतं, हे आधी खोदून खोदून विचारायचं, आणि मग ते तक्त्यांत असं मांडायचं की कॉम्प्युटरला मागितलेली गोष्ट चटकन सापडावी. खोदून विचारणं हा तर वहिनींचा उपजत गुण. त्याची पदवी मिळते म्हटल्यावर त्या कसल्या थांबतायत!

वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने एक प्रकल्प मांडायचा. तो पास झाला नाही की वर्ष गेलं. वर्गातल्या पोरांनी मुकाट लायब्ररी घेतली. पुस्तक, वाचक, नेलं, आणलं, संपलं. वहिनींनी घेतली आपली लॉन्ड्री, आणि एक कॉम्प्युटर दुकानात आणून ठेवला.

तिथे काउंटरवर थोरली नणंद. चिठ्ठी नाही, नंबर नाही. गिऱ्हाईक पायरी चढलं की तिचा हात बरोब्बर त्याच्याच गठ्ठ्यावर पडायचा.

"माझ्या डोक्यात काय कमी आहे, म्हणून हा डबा आणून ठेवलास गं?"

"कमी काही नाही, वन्सं. पण तुमच्या डोक्याला सर्दी झाली की दुकान बंद ठेवावं लागतं."

नणंदेने त्या दिवसापासून अबोला धरला. वहिनींनी मग धोब्याला विचारलं, गिऱ्हाइकांना विचारलं, इस्त्रीपाशी उभं राहून नवऱ्याचं डोकं खाल्लं. वन्संना तेवढं विचारलं नाही.

आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. वहिनींनी घराचा क्रमांक हीच गिऱ्हाइकाची ओळख धरली होती. एक घर, एक गिऱ्हाईक. फळ्यावर झकास दिसलं. पण समोरच्या इमारतीत एकाच दारामागे दोन जावा राहायच्या, आणि दोघींत छत्तीसचा आकडा. चूल वेगळी, वाळत घालायची दोरी वेगळी. नणंद हे सगळं गुपचूप सांभाळायची. थोरल्या जावेचे कपडे डाव्या फळीवर, धाकटीचे उजव्या, आणि एकीला सकाळी बोलवायचं तर दुसरीला संध्याकाळी.

कॉम्प्युटरला हे कुठलं कळायला? त्याने घर पाहिलं आणि दोघींचा एकच गठ्ठा काढून दिला. थोरलीने घरी जाऊन सोडला, तर नवऱ्याच्या पायजम्याला बिलगून धाकटीचा झोपायचा गाऊन!

मग काय, दोघी काउंटरवर हजर. एरवी एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या बाया त्या दिवशी एका सुरात ओरडत होत्या, वहिनींच्या नावाने. नणंद स्टुलावर बसून शांतपणे नखं बघत होती.

"झाली तेवढी शोभा पुरे," नवरा म्हणाला. "उचल तो डबा आणि सोड ते कॉलेज."

"डबा उचलते. कॉलेज नाही सोडत."

"वर्ष वाया गेलं म्हणजे?"

"माझं वर्ष आहे. तुमच्या इस्त्रीखालचं नाही."

रात्रीच्या जेवणात मीठ जास्त पडलं, ते मुद्दाम की चुकून, हे गल्लीला अजून समजलेलं नाही.

परीक्षेला वहिनी लॉन्ड्रीच घेऊन गेल्या. पायजमा-गाऊनचं रामायण स्वतःच सांगितलं. वर्ग पोट धरधरून हसला. मग त्यांनी दुरुस्ती दाखवली. घराचा तक्ता वेगळा, माणसांचा वेगळा, एका घरात हवी तेवढी माणसं.

सरांनी चष्मा पुसला. "बरोबर केलंत. पण शेजाऱ्याचा कोट भलत्याच कुणी आणून टाकला, तर तो कोट कुणाच्या नावावर? आणणाऱ्याच्या की घालणाऱ्याच्या?"

वहिनींनी तक्त्यावरून बोट फिरवलं. असे कोट रोज येतात, आणि तक्त्यात त्यांना जागाच नव्हती.

सर माणूस भला. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, हे अपुरं आहे, असं पास नाही करता येत. तुम्ही नवीन आहात, दुकान फार गुंतागुंतीचं पडतं. सोमवारपर्यंत लायब्ररी करून आणा, मी पास करतो. नाहीतर अख्खं वर्ष पुन्हा."

वहिनींनी कागद गोळा करून पिशवीत कोंबले.

"पुन्हा तर पुन्हा, सर. तुमच्या लायब्ररीतली पुस्तकं कधी भांडायला येत नाहीत, माझ्या दुकानात माणसं येतात. मी दुकानच मांडणार, आणि या खेपेला आधी नणंदेला विचारणार."