साहेबबाबांनी बाटवलेली विहीर

साहेबबाबा पाण्याचा पेला आधी नाकाशी नेत, मग उजेडात धरत आणि मगच पीत. विलायतेत ते रसायनशास्त्रज्ञ होते. पहिल्या महायुद्धात त्यांच्या प्रयोगशाळेत विषारी वायू तयार झाला. "माझं काम फार चांगलं होतं," ते सांगत, "म्हणून सोडलं." जामखेडजवळच्या आमच्या गावात ते देवळामागच्या खोलीत राहत. सकाळी टाइपरायटरवर आत्म्याविषयीचं पुस्तक लिहीत, संध्याकाळी ध्यान शिकवीत. मला इंग्रजीही त्यांनीच शिकवलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर त्यांच्या ओट्यावर घडला.

तपासायची सवय मात्र सुटली नव्हती. गावविहिरीच्या पाण्यात ते काचेची नळी बुडवून पाहत. बायकांना वाटे, बाबा पाणी मंतरतात. मग ते पाणी तीर्थ म्हणून घरोघर जाऊ लागलं. त्यांनी नाही म्हटलं, की आई म्हणायची, "मोठी मानसं कदी आपला मोठेपना सांगत्यात व्हय?"

त्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली आणि ओढ्याकाठच्या वस्तीत पटकीनं माणसं जाऊ लागली. ओढ्याची घाण विहिरीत झिरपताना साहेबबाबांनी पाहिली. "हे पाणी पिऊ नका. मळ्यातलं आणा, उकळून घ्या."

पाटील हसले. "बाबा, तुमचा हात लागल्यावर पटकीची काय बिशाद हाय?"

आमच्या गल्लीतून तिरडी निघाली, तशी विहिरीवरची गर्दी वाढली. आजाऱ्याच्या तोंडातही तेच तीर्थ घालत होते. धाकट्या बहिणीला ताप आला, म्हणून आई घागर भरायला गेली.

तेवढ्यात साहेबबाबा आले. हातात त्यांचे जुने चामड्याचे बूट होते.

"बाबा, ह्ये काय वं?" आईनं विचारलं.

त्यांनी एक बूट विहिरीत टाकला. मग दुसरा.

पाटील ओरडले, "गोऱ्यानं हीर बाटवली!" आईनं भरलेली घागर तिथंच ओतली. कुणीतरी मारलेला दगड त्यांच्या कपाळाला लागला. रक्त पुसत ते म्हणाले, "हो, बाटवली. आता पिऊ नका."

दुसऱ्या दिवशी ते बैलगाडीतून गेले. हात जोडायला कुणी बाहेर आलं नाही. गाव मळ्यातून पाणी आणू लागलं, साथ ओसरली, नवस मरीआईला फेडले गेले.

आई शेवटपर्यंत त्यांच्या नावानं बोटं मोडायची. धाकटी बहीण आपलं लेकरू मांडीवर घेऊन शेजारी बसायची आणि "व्हय, व्हय" म्हणायची.