रोमेओचा झेंडा

डेल्व्हिना लाबोंतेने लग्न केलं नाही, आणि तिचं सगळं बिनसलं ते तिथेच. क्विबेकहून अमेरिकेत आलेल्या फ्रेंच लोकांच्या त्या गिरणीगावात बाई ओळखली जायची नवऱ्याच्या नावाने. जिला नवराच नाही, तिचं नाव कोण कशाला घेईल?

गावातल्या फ्रेंच क्लबाचा झेंडा तिने आणि तिची मैत्रीण इरेनने मिळून शिवला होता. पलंगपोसांच्या गिरणीत दोघी शेजारशेजारच्या मागांवर. निळ्या कापडावर खाली क्विबेकचं पांढरं लिलीचं फूल, वर अमेरिकेचा तारा. तारा डेल्व्हिनाच्या डोक्यातला, आणि कापलाही तिनेच, गिरणीने नापास केलेल्या पलंगपोसातून.

संत योहानाच्या सणाला पाद्रीबुवांनी झेंड्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि आभार मानले ते "श्रीमती रोमेओ प्लूर्द" यांचे. म्हणजे इरेनचे. इरेन उठून "आम्ही दोघींनी शिवलाय" म्हणाली नाही. मान खाली घालून बाकावर बसून राहिली. त्या दिवसापासून डेल्व्हिनाने तिच्याशी बोलणं टाकलं, ते टाकलंच.

पुढे 'श्रीमती'ही गळून पडलं. क्लबात सगळे सांगू लागले, झेंडा रोमेओने बनवला. ज्याला जन्मात सुईत दोरा ओवता आला नाही, तो रोमेओ! आता म्हातारपणी तोही गेला, जुनी माणसंही गेली, आणि फ्रेंचमध्ये बोलायला डेल्व्हिनाकडे उरलं फक्त मांजर.

यंदा क्लबाने झेंड्याखाली पाटी लावायचं ठरवलं. अध्यक्ष नोर्मां तिच्या दारात आला.

"मावशी, काय ते खरं सांगून टाका. कुणी म्हणतं रोमेओ, कुणी म्हणतं पाद्रीबुवांनीच क्विबेकहून आणला."

"मी सांगितलं तर म्हणाल, म्हातारी फुशारक्या मारते. थांब, इरेनच्याच तोंडून वदवून आणते मी."

"त्या आता माणसं ओळखत नाहीत, मावशी."

"मला न ओळखायला काय झालं तिला?"

क्लबातून मागून घेतलेला झेंडा आणि घरी शिजवलेल्या वालांचं मडकं घेऊन ती इरेनला भेटायला वृद्धाश्रमात गेली. इरेन खिडकीशी बसली होती. डेल्व्हिनाने झेंडा तिच्या मांडीवर पसरला.

"हा कुणी शिवला गं?"

इरेनने ताऱ्यावरून बोट फिरवलं. "टाके बघा किती बारीक. डेल्व्हिनाचे आहेत. ताराही तिचाच. मी आपली कापड धरायला."

डेल्व्हिनाला भडभडून आलं. एवढंच तर ऐकायचं होतं तिला, सारा जन्म. "अगं, मग तेव्हा का नाही बोललीस?"

"चार लोकांत बायकोने तोंड उघडलेलं रोमेओला खपायचं नाही." मग इरेन हळूच पुढे वाकली. "तुम्ही ओळखता का तिला? भेटली तर सांगा, मी वाट बघते म्हणावं. फार रागीट आहे हो."

"अगं, मीच ती. मीच डेल्व्हिना."

इरेन खुदकन हसली. "काहीतरीच तुमचं! ती तरुण आहे."

घरी आल्यावर डेल्व्हिनाने नोर्मांला सांगितलं, दोघींची नावं लिही, इरेनचं आधी, आणि श्रीमती-बिमती काही नको. सणाच्या दिवशी टाळ्यांत पाटी लागली. डेल्व्हिना तिथे नव्हती. ती वृद्धाश्रमात खिडकीशी बसून इरेनला वाल भरवत होती.

"डेल्व्हिना भेटली का हो?" इरेनने विचारलं.

"भेटली."

"काय म्हणाली?"

"येते म्हणाली," डेल्व्हिना म्हणाली आणि चमचा पुढे केला.